वन्संचं लख्ख ताट

वन्सं, तुमचं ताट आजही लख्ख आहे, आणि आजही माझा त्याच्यावर विश्वास नाही.

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. ताट मांडणीत आपल्या जागी उभं आहे, दुसऱ्या खणात डावीकडून पहिलं. सकाळी बाकीची भांडी लावताना मी ते काढलं, खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं आणि काठावरून बोट फिरवलं. सात वर्षं रोज दुपारी मी हेच करत आले. तुम्ही खुर्चीतून बघत बसायचात आणि म्हणायचात, "बघ गो, नीट बघ. भिंग आणून देऊ?"

हे लिहिणं ईशान आणि मीरासाठी आहे. माझी ही नातवंडं इतकी दूर आहेत की आपण जेवायला बसतो तेव्हा ती उठलेलीही नसतात. त्यांना त्यांची आत्याआजी आठवते ती फोनच्या पडद्यावरची: तोंडावर हात धरून हसणारी, त्यांच्या वाडग्यातला पाला बघून "अरे, शेळीला काय ठेवलंस मग?" असं विचारणारी. तुमचं वय, तुमची शाळा, वाडी कधी विकली, हे त्यांचा बाप त्यांना सांगेल. मला त्यांना माझी एक चौकशी सांगायची आहे. ती मी फार पद्धतशीर चालवली. तिचा निकाल तुम्ही गेल्यावर लागला.

हे गेले, म्हणजे तुमचा धाकटा भाऊ वसू गेला, तेव्हा या घरात आपण दोघीच उरलो, एक नणंद आणि एक भावजय. यांना साखरेने नेलं असं मी म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, "त्याला त्याच्या वेळेने नेलं." मी इंग्रजी शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलेली बाई. वेळेवर सगळं ढकलून मोकळं होणं मला जमत नव्हतं. उरलेल्या दोघींनी तरी नीट खायचं असं मी ठरवलं, आहाराची दोन जाड पुस्तकं वाचली, टिपणं काढली आणि फ्रिजच्या दारावर चार्ट चिकटवला.

सोमवारी काकडी, गाजर आणि मोड आलेले मूग. मंगळवारी बीट, मुळा, भिजवलेले शेंगदाणे. बुधवारी कोबी, डाळिंबाचे दाणे, भोपळ्याच्या बिया. असं रविवारपर्यंत. रोज एक लाल, एक हिरवं, एक पांढरं. लोह अंगी लागायला आंबट लागतं, म्हणून प्रत्येक ताटात लिंबाची फोड. पोळी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची, भात थोडा. सगळं मिठाच्या पाण्यात दोनदा धुतलेलं, कारण भाजी कोणत्या पाण्यावर वाढली हे विचारलं की भाजीवाला आधी आकाशाकडे बघतो आणि मग उत्तर देतो. ताट ठीक अकराला, जेवणाच्या दीड तास आधी. मासे हे गेल्यापासून घरात बंदच होते. कडधान्यांत सगळं आहे, असं मी तुम्हाला वहीतून वाचून दाखवलं होतं.

तुम्ही चार्टाकडे बघितलंत. "सुमन, यात जेवण कुठल्या वारी आहे?"

दुसऱ्या दिवसापासून मात्र ताट रिकामं यायला लागलं. चकचकीत. मुळ्याचा चकतीभर तुकडा नाही, बिटाचा डाग नाही. इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. जी बाई आगाशीच्या वाडीत सुकेळी, वालाचं बिरडं आणि माशाचं कालवण यांवर वाढली, जिने कच्च्या कोबीला जन्मभर 'गुरांचं' म्हटलं, ती बाई एका रात्रीत बदलते? वर्गात मी असे विद्यार्थी पाहिलेत. जो मुलगा कधी गृहपाठ करत नाही त्याची वही एक दिवस सुंदर येते, तेव्हा अक्षर कोणाचं आहे ते आधी बघायचं असतं.

मी कचऱ्याचा डबा उलटा केला. गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पेन्सिल खुपसून बघितली. तुमच्या उशीच्या अभ्र्यात हात घातला, तोही तुम्ही देवळात गेलेल्या असताना. काही मिळालं नाही. दोन गोष्टी तेवढ्या खटकायच्या. पहिली, तुमच्या ताटातलं लिंबू पार पिळून सालपट झालेलं असायचं, आणि तुमच्या बोटांना लिंबाचा वास यायचा. दुसरी, त्या लिंबाच्या मागे, अगदी पुसट, आणखी कसला तरी वास.

"वन्सं, मासळीचा वास येतोय का?"

"जिन्यात फिलोमिन बसलीय. तिचा येतो. तिचं नाव मोगरा ठेवू का?"

मुलांनो, फिलोमिन म्हणजे पाचूबंदरची मासेवाली. पहाटे धक्क्यावरून मासळी घेते आणि आपल्या इमारतीत दारोदार फिरते. आम्ही घेणं बंद केलं तरी अकराच्या सुमाराला ती आमच्याच मजल्यावर टेकायची. मी त्या वेळी आंघोळ आणि पूजेत असायचे. तुम्ही ताट घेऊन दाराशी वेताचा मोडा टाकून बसायचात. वाऱ्यासाठी, असं म्हणायचात. आपल्या दाराशी वारा येत नाही, वन्सं. समोर जोश्यांची भिंत आहे. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

मग ते रक्ताचे रिपोर्ट. आपण दोघींनी एकाच दिवशी तपासलं. ज्या जीवनसत्त्वासाठी शाकाहारी माणसाला गोळी घ्यावी लागते, ते माझ्यात गोळी घेऊनही कमी निघालं आणि तुमच्यात भरपूर. प्रथिनं तुमची उत्तम, माझी जेमतेम. डॉक्टर तुम्हाला म्हणाले, "आजी, काय खाता?" तुम्ही माझ्याकडे हात केलात. "ही देते ते." मी खूश झाले, आणि रिक्षात बसेपर्यंत मला संशय आला की लॅबवाल्याने बाटल्या बदलल्या. मी परत जाऊन त्याला तसं विचारलंही. तुम्ही रिक्षात पदर तोंडावर धरून इतक्या हसत होतात की रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

आपलं एक भांडण मात्र सातही वर्षं संपलं नाही. तुम्ही म्हणायचात, "किसून दे गो." गाजर किस, काकडी कोच, दही घाल, वरून हिंगाची फोडणी दे. मी म्हणायचे, किसलं की माणूस चावत नाही, गिळतो. चावण्यात निम्मं पचन आहे. किसून ठेवलं की जीवनसत्त्वं उडतात. तुम्ही म्हणायचात, "उडू दे. मला कुठे पकडायचीत?" मला तो हट्ट वाटायचा, वाडीचा जुना हट्ट, शिकलेल्या भावजयीला कमी लेखण्याचा. मी तुकडे आणखी मोठे करायचे.

आणि मग गेल्या दसऱ्यानंतर डबा हरवला. माझ्या लग्नातला स्टीलचा छोटा डबा, झाकणावर माझं नाव आणि तारीख कोरलेली. भांडी मी मोजून लावते. तो डबा महिनाभर कधी असायचा, कधी नसायचा, आणि आता तीन दिवस सलग नव्हता. आमच्या दाराशी रोज येऊन बसणारी बाहेरची बाई एकच. मी दार उघडलं आणि फिलोमिनला म्हटलं, "आमचा एक डबा दिसत नाही. मी कोणाचं नाव घेत नाही. पण उद्यापासून या मजल्यावर बसू नका."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. टोपली उचलली आणि गेली. मी वळले तर तुम्ही मागे उभ्या होतात. मी वाट बघितली, वन्सं. वाटलं, तुम्ही भांडाल. तुम्ही फक्त म्हणालात, "बस मग पूजेला," आणि खोलीत गेलात.

त्यानंतर तुम्ही ताट खोलीत न्यायला लागलात, दार लोटून. आतून खर्र खर्र असा आवाज यायचा. मला वाटायचं, टाचा घासता आहात. तुमच्या बोटांच्या पेरांवर ओरखडे दिसायला लागले. मी विचारलं तर म्हणालात, "मांजर." चौथ्या मजल्यावर मांजर येतं कुठून म्हणून मी सोसायटीच्या वहीत तक्रार लिहिली. ताट लख्खच येत होतं. आणि पोलक्याच्या बाह्या सैल व्हायला लागल्या होत्या.

तो डॉक्टरकडचा दिवस मला विसरता येत नाही. त्यांनी तुमचं मनगट हातात घेतलं आणि विचारलं, "जेवतात का नीट?" प्रश्न तुम्हाला होता. उत्तर मी दिलं. "सगळं खातात. ताट मी स्वतः तपासते. लख्ख असतं." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ओठ घट्ट मिटलेले. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. पुढे ते म्हणाले की हृदयच थकलं होतं, खाण्याचा त्यात काही भाग नाही. माणूस भला आहे. भल्या माणसांच्या अशा वाक्यांवर माझा विश्वास नसतो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, अकरा वाजता, बेल वाजली. फिलोमिन. डोक्यावर टोपली नाही, साडी स्वच्छ. हातात माझा डबा.

"टीचर, हा तुमचा. घासून आनलाय."

झाकणावर माझं नाव. मी म्हटलं, "म्हणजे तुमच्याकडेच होता."

"व्हता ना. आधी मी हितंच बसून खायची, शेवटचा म्हयना मोठ्या बाईंनी डबा दिला. रोज भरून द्यायच्या, दुसऱ्या दिवशी मी रिकामा आनायची. त्या येळेला माझी सून बाळंत व्हती, तीन दिस मी आली नव्हती. तुमी बोललात ना मला, तवा तो टोपलीतच व्हता. वरच्या फडक्याखाली."

"मग दाखवला का नाही?"

"तुमच्या पाठी त्या उभ्या व्हत्या. अशा." तिने ओठांवर बोट ठेवलं.

मी तिला आत घेतलं आणि तुमच्या खुर्चीत बसवलं. तिला अवघड वाटलं, मलाही. डब्यात काय असायचं ते मला कळलं होतं, तरी विचारलं. पुरावा तोंडी घ्यावा लागतो.

"तुमचं ते सालाड. पयल्यांदा मी बी म्हनलं, हे कोन खानार? पन सकाळी चारपासून मी चा-पावावर. अकरा वाजता ते गार गार बरं वाटायचं. सात वरसं खाल्लं, टीचर. त्या भोपळ्याच्या बिया तेवढ्या आमच्या म्हाताऱ्याला द्यायची."

"आणि तुम्ही त्यांना काय द्यायचात?"

"बोंबील. ओले. घरून कालवन करून आनायची, पातळ, हळद आनि चिंच घालून. दोन घास भाताबरोबर, नायतर नुसते."

"त्यांना मासे हवे होते तर मी केले असते!" हे मी मोठ्याने म्हटलं. "या घरात मी चाळीस वर्षं मासे केलेत. एकदा बोलल्या असत्या!"

फिलोमिनने माझ्याकडे असं बघितलं जसं मी वर्गातल्या मागच्या बाकाकडे बघायचे. "माशांचं नव्हतं ओ. त्यांना चावत कुठं व्हतं? ती कवळी कवाच सैल झालेली. गाजराचा तुकडा घेतला की हिरडीत घुसायची. मला दाखवलंय त्यांनी, रगत आलेलं. ओल्या बोंबलाला दात नाय लागत. जिभेवर ठेवला की गेला."

मी फ्रिजच्या दाराकडे बघितलं. चार्टावर लोह होतं, चुना होता, तंतू होते. दात नव्हते.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी पन तेच बोलली. तर म्हनाल्या, सुमनला कळलं की ती मला नवी कवळी करायला नेईल. आनि ही वसूने केलीय. तो सोता आजारी, तरी चार खेपा मला घेऊन गेला दातांच्या डॉक्टरकडं. ही मी जाळायलाच बरोबर नेनार." फिलोमिनने डोळ्याला पदर लावला, मग पदराआडून म्हणाली, "आनि म्हनाल्या, नव्या दातांचा बी ती चार्ट लावील."

मी हसले, वन्सं. तुमच्यामागे पहिल्यांदा.

उरलेलं तिने उठता उठता सांगितलं. मी तिला बंदी केल्यावर ती पंधरा-वीस दिवस खाली गेटपाशी थांबायची आणि तुम्ही देवळाच्या नावाने उतरायचात. मग तुमचे गुडघे धरले. शेवटच्या खेपेला तुम्ही तिला म्हणालात, "आता नको थांबू. मला एक बारीक किसणी तेवढी आणून दे." तिने बाजारातून आणली आणि मी पूजेत असताना गुपचूप वर देऊन गेली.

ती गेल्यावर मी तुमचं कपाट उघडलं. यापूर्वी दोनदा मी ते तपासलं होतं, पण साड्यांच्या घड्या मोडायला नकोत म्हणून वरवर. खालच्या घडीत, रुमालात गुंडाळलेली, तळहाताएवढी किसणी. तिच्या दातांत गाजराचे वाळलेले धागे.

म्हणजे शेवटचे तीन महिने ताट खरं होतं. पलंगावर बसून, कवळी वाटीत काढून ठेवून तुम्ही माझा प्रत्येक तुकडा किसत होतात आणि खात होतात. मी जेवढी वर्षं फसले, तेवढी वर्षं तुम्ही ठणठणीत होतात. तुम्ही माझ्याशी प्रामाणिक झालात आणि वाळत गेलात. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं नव्हतं, आणि याहून वाईट मला काही सुचत नाही.

मला तुमचा रागही येतो. त्या दिवशी दाराशी तुम्ही बोटाऐवजी तोंड वापरलं असतंत तर? एका बाईला मी चोर ठरवलं आणि तुम्ही ठरवू दिलंत. हे भांडण आपलं व्हायचं राहिलं. तुम्ही मला भेकड वाटलात त्या दुपारी फिलोमिनची गोष्ट ऐकून, आणि मग, भांडी लावताना, जुनी गोष्ट आठवली.

मुलांनो, ही तुम्हाला कोणी सांगितलेली नाही. मी लग्न होऊन आगाशीच्या घरात आले तेव्हा माझ्या माहेरी अंडंसुद्धा शिजलेलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी माझ्यापुढे मासळीची पाटी ठेवली आणि त्या वाडीत गेल्या. मी मोरीत उभी राहून रडले. आत्याआजीने दार लावलं, विळी ओढली, मासे साफ केले, कालवण केलं आणि माझ्या हातांना हळद फासली. संध्याकाळी सासूबाईंनी चव घेतली आणि म्हणाल्या, "शिकलेल्या मुलीच्या हाताला चव आहे." वर्षभर असं चाललं. मी हळूहळू तिच्याकडून शिकले. ती सासूबाईंना शेवटपर्यंत बोलली नाही, मलाही नंतर कधी बोलून दाखवलं नाही.

वन्सं, दार लावून एखादीची लाज झाकायची ही तुमची रीत होती. माझी झाकलीत तेव्हा मी तिला माया म्हटलं. स्वतःची झाकायला घेतलीत तेव्हा मी तिला लबाडी म्हटलं आणि कुंडीत पेन्सिल खुपसली. माझ्या चार्टाचीही तुम्ही तशीच लाज राखलीत. "ही देते ते," असं डॉक्टरांना सांगितलंत. ते आभार मानायचे राहिले.

काल मी फिलोमिनला पुन्हा आमच्या मजल्यावर बसायला सांगितलं. आज अकराला ती आली. मी डबा भरून ठेवला होता: सोमवार, काकडी, गाजर, मोड आलेले मूग. तुकडे नेहमीसारखे, कारण ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे, तिला काय धाड भरलीय. देता देता हात थांबला.

"फिलोमिन, आ करा."

"काय, टीचर?"

"तोंड उघडा. दात बघू."

ती आधी हसली, मग तिने उघडलं. डावीकडच्या तीन दाढा नाहीत. उजवीकडची एक काळी पडलेली.

"सात वर्षं हे चावलंत कसं?"

"चावलं कुठं? चोखून गिळायची. तुमी कवा विचारलंत?" आणि टोपलीवरचं कापड नीट करत म्हणाली, "मोठ्या बाई बोलल्याच व्हत्या. एक दिस टीचर तुझं बी तोंड उघडायला लावतील."

मी डबा आत नेला. कवळी तुमच्याबरोबर पाठवली होती, निघताना मुलाने आठवणीने ठेवली. किसणी माझ्याकडे राहिली आहे. फार बारीक आहे ती, वन्सं, आणि पकडायला जागाच नाही. एवढं गाजर किसायला मला वीस मिनिटं लागली. दही घातलं, हिंगाची फोडणी दिली आणि डबा बाहेर आणून दिला.

फिलोमिनने डबा घेताना माझा हात धरला. पेरावरचं सालटं निघून रक्त आलं होतं.

"हे काय झालं, टीचर?"

मी म्हटलं, "मांजर."